मुंबईत न राहणारे सव्वा कोटी मुंबईकर

2020च्या उन्हाळ्यात मुंबई दारं लावून घरात बसली होती. तेव्हा दुसरी एक मुंबई मात्र रोज कामाला जात होती, शाळेत बसत होती, लोकलमध्ये चढत होती. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, या दोन ठिकाणच्या संशोधकांनी ती संगणकात वसवली होती. तिची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख, म्हणजे 2011च्या जनगणनेत होती तेवढीच. महापालिकेचे तेव्हाचे 24 प्रशासकीय विभाग तिच्यात होते आणि झोपडपट्टी व झोपडपट्टीबाहेरची वस्ती वेगळी धरलेली होती. प्रत्येक माणसाला वय होतं, घर होतं, घरात माणसं होती. कोणाला शाळा नेमून दिलेली, कोणाला कामाची जागा. लोकल सुरू केल्या तर काय होईल, कचेऱ्या अर्ध्या उपस्थितीत उघडल्या तर काय होईल, हे प्रश्न या मुंबईला विचारले जात होते, कारण खऱ्या मुंबईवर असले प्रयोग करून पाहता येत नाहीत.

यातला एकही माणूस खरा नव्हता. पण कोणत्याही विभागातली सगळी माणसं मोजली, घरातल्या माणसांची सरासरी काढली, वयोगटांची विभागणी पाहिली, की आकडे खऱ्या मुंबईशी जुळायचे. सुटा माणूस कल्पित आणि घोळका खरा, असा हा प्रकार आहे. याला कृत्रिम लोकसंख्या म्हणतात. साथीच्या अंदाजांमुळे ती चार लोकांना माहीत झाली खरी, पण तिचं जुनं आणि माझ्या मते जास्त थक्क करणारं काम वेगळंच आहे: जिथे कधी कोणी मोजायलाच गेलं नाही, अशा लहानशा वस्तीचा नकाशा रंगवणं.

असा नकाशा कशाला लागतो, तेही मुंबईनेच दाखवलं. जुलै 2020मध्ये दहिसर, चेंबूर-पश्चिम आणि माटुंगा या भागांतल्या आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन विभागांत 6,936 लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या इमारतींमध्ये 16 टक्के. विभाग तोच, महिना तोच, मध्ये फार तर एक रस्ता. या दोन आकड्यांची सरासरी काढून विभागाला एकच रंग दिला असता, तर तो रंग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खोटा ठरला असता.

आता अडचण बघा. आपल्या देशात माणसांबद्दलची माहिती दोन वेगळ्या पोतड्यांत असते. एक जनगणना. ती घरोघर जाते, कोणालाही वगळत नाही, आणि तिचे तक्ते गाव आणि वॉर्डापर्यंत उतरतात. महाराष्ट्रातल्या चाळीस हजारांवर गावांपैकी कुठलंही घ्या, तिथे साक्षर किती, घरांना छपरं कसली, किती घरांत संडास, किती जणांकडे दुचाकी, हे 2011पुरतं मिळतं. पण जनगणना कोणाचं बोट टोचत नाही. रक्तातली साखर, दाब, हिमोग्लोबिन यांतलं ती काही विचारत नाही.

दुसरी पोतडी सर्वेक्षणांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. त्याचे पाहणीवाले घरात बसून तासभर प्रश्न विचारतात, वजन-उंची घेतात, दाब मोजतात, बोटातून रक्ताचा थेंब काढतात. माहिती इतकी सखोल की हेवा वाटावा. पण कुटुंबं किती, तर 6,36,699. आकडा मोठा वाटतो, पण तो 707 जिल्ह्यांत वाटला की एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे कुटुंबं येतात. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 2011लाच 94 लाख होती. नऊशे घरांवरून सगळ्या जिल्ह्याचा अंदाज चांगला बांधता येतो. नमुना नीट निवडला तर थोडक्यातून पुष्कळ कळतं, हे साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांसारख्या संख्याशास्त्रज्ञांनी पिकांच्या पाहण्यांतून फार पूर्वीच दाखवून दिलं आहे. पण त्याच नऊशे घरांवरून वेल्ह्याच्या एखाद्या गावाचं किंवा हडपसरच्या एखाद्या प्रभागाचं काय सांगणार? तिथे पाहणीवाले गेलेलेच नसतात.

म्हणजे एकीकडे सगळ्यांबद्दल थोडं ठाऊक, दुसरीकडे थोड्यांबद्दल सगळं. जनगणनेचे घराघरांचे मूळ कागद आणि पाहणीतली घरं एकमेकांशी जोडली तर प्रश्न सुटला असता, पण ते शक्य नाही आणि नसलेलंच बरं. 1948च्या जनगणना कायद्याच्या कलम 15नुसार ते कागद कोणाला पाहायला मिळत नाहीत, आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

इथून पुढची युक्ती एका काल्पनिक प्रभागावर करून पाहू. आकडे हिशेबाला सोयीचे म्हणून मी घेतलेत. कागद-पेन्सिल घेऊन सोबत बसलात तर जास्त मजा येईल.

जिल्ह्याच्या पाहणीत 100 कुटुंबं आहेत. त्यांच्या दोन गोष्टी आपल्याला ठाऊक: घर स्वतःचं की भाड्याचं, आणि दारात दुचाकी आहे की नाही. स्वतःचं घर आणि दुचाकी असलेली 40, स्वतःचं घर पण दुचाकी नसलेली 20. भाड्याचं घर आणि दुचाकी असलेली 15, भाड्याचं घर आणि दुचाकी नसलेली 25. आता आपला प्रभाग. तिथे 1,000 कुटुंबं आहेत. जनगणना सांगते की 300 स्वतःच्या घरात राहतात, 700 भाड्याने. ती हेही सांगते की 400 घरांत दुचाकी आहे, 600 घरांत नाही. पण भाडेकरूंपैकी दुचाकीवाले किती, हे तक्त्यात नाही. कडेच्या बेरजा हातात आहेत, आतली घरं कोरी.

ती घरं आधी पाहणीच्या आकड्यांनी भरायची आणि मग आडव्या बेरजा जुळवायच्या. पाहणीत स्वतःच्या घरातली कुटुंबं 60 होती, इथे 300 हवीत, म्हणून ती ओळ पाचाने गुणली: 200 आणि 100. भाडेकरू 40 होते, 700 हवेत, म्हणून साडेसतरांनी गुणलं: 262.5 आणि 437.5. आडवं जुळलं, पण उभं बिघडलं, दुचाकीवाले 462.5 झाले, हवेत 400. मग उभ्या रांगा प्रमाणात कमी-जास्त करायच्या, की आडव्या पुन्हा किंचित हलतात. पुन्हा आडवं, पुन्हा उभं. सुंभाची बाज ताणताना लांबीकडून ओढलं की रुंदीकडे ढील पडते, रुंदीकडून ओढलं की लांबीकडे, पण प्रत्येक फेरीला ढील कमी होत जाते, तसंच हे. तीन-चार फेऱ्यांत आकडे जागच्या जागी बसतात: 181, 119, 219 आणि 481. चारही बेरजा चोख.

इतकं तर कोणीही खटपट करून जमवेल, असं वाटेल. कडेच्या बेरजा जुळवणारे आकडे शेकडो प्रकारे भरता येतात, मग हेच का? एक हिशेब करून बघा. मूळ पाहणीत स्वतःच्या घरात दुचाकी असणाऱ्यांचं नसणाऱ्यांशी प्रमाण 40ला 20, म्हणजे दुप्पट. भाडेकरूंमध्ये 15ला 25, म्हणजे 0.6. पहिलं प्रमाण दुसऱ्याच्या 3.33 पट. आता शेवटचे आकडे घ्या. 181 भागिले 119 म्हणजे 1.52. 219 भागिले 481 म्हणजे 0.455. पहिलं दुसऱ्याच्या किती पट? पुन्हा तेच, 3.33 किंवा पूर्णांकांमुळे त्याच्या केसभर इकडेतिकडे. सगळे आकडे बदलले, प्रभागात भाडेकरूंची गर्दी झाली, दुचाक्या घटल्या, पण घराची मालकी आणि दुचाकी यांचं आपसातलं नातं जसंच्या तसं राहिलं. किती माणसं, हे जनगणनेने सांगितलं. माणसांच्या आयुष्यात एक गोष्ट दुसरीशी कशी बांधलेली असते, हे पाहणीने सांगितलं. गुणाकार-भागाकारांच्या फेऱ्यांत दोन्ही साक्षी एकाच तक्त्यात उतरल्या, आणि एकीनेही दुसरीला खोटं पाडलं नाही. हे पहिल्यांदा करून पाहिलं की तक्त्याकडे बराच वेळ बघत बसावंसं वाटतं.

इटरेटिव्ह प्रपोर्शनल फिटिंग या भारदस्त नावाच्या या पद्धतीचा जन्म मात्र साधा आहे. 1937मध्ये क्रुइथॉफ नावाच्या अभियंत्याने ती टेलिफोनच्या वाहतुकीसाठी वापरली. कोणत्या केंद्रावरून किती फोन निघाले आणि कोणत्या केंद्रावर किती आले हे ठाऊक, पण कुठून कुठे किती गेले ते हवं होतं. तीन वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड्स डेमिंग आणि फ्रेडरिक स्टीफन यांना ती स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेच्या 1940च्या जनगणनेत प्रथमच काही जादा प्रश्न फक्त 5 टक्के लोकांना विचारले होते, आणि त्या नमुन्याचे तक्ते संपूर्ण मोजणीशी जुळवायचे होते. डेमिंग म्हणजे तेच, जे पुढे जपानी कारखान्यांच्या गुणवत्तेचे गुरू म्हणून गाजले. गंमत अशी की ही पद्धत का चालते याचं त्या दोघांनी दिलेलं कारण चुकीचं होतं. दोनच वर्षांनी स्टीफन यांनी ते स्वतः दुरुस्त केलं. ती खरोखर कशाला सर्वांत जवळचं उत्तर देते, हे 1968मध्ये आयर्लंड आणि कुलबॅक या दोघांनी सिद्ध केलं: कडेच्या बेरजा पाळणाऱ्या सगळ्या तक्त्यांपैकी मूळ पाहणीपासून माहितीच्या मापाने कमीत कमी ढळलेला तक्ता तो हाच. कारण चुकलेलं आणि उत्तर बरोबर, असा हा दुर्मीळ योग.

पण अजून आपल्या हातात तक्ताच आहे, माणसं नाहीत. ती पाहणीतूनच उचलायची. स्वतःचं घर आणि दुचाकी असलेली 40 कुटुंबं प्रभागात 181 व्हायला हवीत, म्हणजे प्रत्येकाच्या साडेचार प्रती. भाड्याने राहणारी, दुचाकी नसलेली 25 कुटुंबं 481 व्हायची, म्हणजे प्रत्येकाच्या एकोणीस. साडेचारातलं अर्धं कुटुंब कुठे ठेवणार? म्हणून चिठ्ठ्या टाकतात. कोणाच्या चार प्रती होतात, कोणाच्या पाच. आणि कुटुंब उचलताना ते अख्खं उचलायचं, त्याच्या सगळ्या तपशिलांसकट. पाहणीतल्या अशा एखाद्या भाड्याच्या, दुचाकी नसलेल्या घरात दोन खोल्या, सून शिवणकाम करणारी, सासऱ्यांना रक्तदाब, नातू नऊ महिन्यांचा असं असेल, तर तेच सासरे, तोच दाब आणि तोच नातू या कल्पित प्रभागात एकोणीस दारांआड राहायला जातात.

आणि इथेच नकाशाला रंग मिळतो. समजा पाहणीतल्या चार गटांत घरी कोणाला तरी उच्च रक्तदाब असलेली कुटुंबं अनुक्रमे 40पैकी 16, 20पैकी 7, 15पैकी 4 आणि 25पैकी 5 होती. एकूण 100पैकी 32. तीच कुटुंबं प्रभागात वसवली की हजारात साधारण 269 घरं निघतात, म्हणजे 27 टक्के. जिल्ह्याची सरासरी 32 असताना या प्रभागाचा अंदाज 27वर आला, कारण तिथे वसलेली कुटुंबं वेगळ्या मिसळीची आहेत. तिथे एकाचाही दाब कोणी मोजलेला नसताना! खऱ्या कामात दोन गोष्टींऐवजी सात-आठ गोष्टी जुळवतात, घरांची मोजणी आणि माणसांची मोजणी एकाच वेळी बसवतात, आणि हे प्रत्येक प्रभागासाठी वेगळं करतात. तेवढ्यासाठी संगणक लागतो. बाकी सगळं आपण आत्ता केलं तेच.

कल्पना अशी फिरत फिरत मोठी झाली. 1957मध्ये गाय ऑर्कट यांनी अर्थशास्त्रज्ञांना सुचवलं की देशाची अर्थव्यवस्था एका समीकरणात कोंबण्यापेक्षा संगणकात एकेक माणूस चालवून पाहा. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या भूगोलतज्ज्ञांनी 1980च्या दशकात ती माणसं पत्त्यावर आणली. 1996मध्ये बेकमन, बॅगर्ली आणि मॅके यांनी जनगणनेच्या नमुन्यातून कुटुंबं उचलून शहरं वसवण्याची रीत मांडली, आणि तीही लॉस अलामॉसमध्ये, जिथे अणुबॉम्ब तयार झाला त्या प्रयोगशाळेत. त्यांना हवी होती शहरातली रहदारी. पण एकदा माणसं वसली की ती इतर कामांनाही येतात. त्याच वाटेने उभी राहिलेली पोर्टलंड शहराची कल्पित वस्ती 2004मध्ये देवीची साथ कशी पसरेल हे पाहायला वापरली गेली. कुलाब्याची मुंबई याच घराण्यातली. तिच्यात पाहणीतली अख्खी कुटुंबं उचलण्यापेक्षा जनगणनेतल्या वाटण्यांवरून माणसं घडवण्यावर भर होता, एवढाच फरक.

आता या कौतुकाला लगाम घालायला हवा, कारण असे नकाशे दिसतात फार देखणे. वॉर्डावॉर्डाला रंग, बाजूला टक्केवारी, आणि बघणाऱ्याला वाटतं की मोजलंय.

मोजलेलं नसतं. हा नकाशा इतकंच सांगतो, की इथे ज्या प्रकारची माणसं राहतात, त्या प्रकारच्या माणसांची दुसरीकडे जी स्थिती आहे ती इथेही असेल असं धरलं, तर इथे असं दिसायला हवं. त्या 'धरलं'मध्ये सगळी मेख आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांचे दात पिवळट-तपकिरी होतात, मोठ्यांची हाडं वाकतात. हे छपरावर ठरत नाही, शिक्षणावर ठरत नाही, दुचाकीवर तर नाहीच नाही. विहिरीवर ठरतं. शेजारच्या दोन गावांची माणसं जनगणनेत हुबेहूब सारखी असली तर कृत्रिम लोकसंख्या दोन्ही गावं एकाच रंगात रंगवेल, आणि त्यातल्या एका गावाची विहीर तिला कधीच दिसणार नाही. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था अशाच धर्तीवर, टेलिफोन पाहणीवरून, चारेक हजार वस्तीच्या भागांपर्यंत आजारांचे नकाशे 'प्लेसेस' या नावाने प्रसिद्ध करते. तिथे त्यांनी स्वतःच बजावलंय की एखादी स्थानिक योजना यशस्वी झाली की नाही, हे या आकड्यांवरून ठरवू नका. ठरवणार कसं? वस्तीत दवाखाना निघाला आणि सगळ्यांचा दाब आटोक्यात आला, तरी घरांची मालकी आणि दुचाक्या बदलल्या नाहीत तर नकाशातला दाब तिथेच.

दुसरी मेख शून्याची. गुणाकाराच्या फेऱ्या कितीही करा, शून्य शून्यच राहतं. नऊशे कुटुंबांच्या नमुन्यात भटक्या जमातीचं एकही घर आलं नाही, असं सहज होऊ शकतं. मग जनगणनेने त्यांची पालं मोजली असली तरी तिथे वसवायला पाहणीत कुटुंबच नसतं. संशोधक तिथे बारीकसा आकडा पेरतात किंवा शेजारच्या जिल्ह्यातून कुटुंब उसनं आणतात. हिशेब पुढे सरकतो, पण मुळात जे लोक पाहणीच्या वाटेवर नव्हते, ते या नकाशातही उसन्या चेहऱ्यानेच येतात. माझ्या मते असा प्रत्येक नकाशा छापताना त्याच्या खाली दोन ओळी सक्तीच्या हव्यात: कोणत्या बेरजा जुळवल्या, आणि कोणत्या वर्षाच्या.

वर्षाचा मुद्दा आपल्याला तर फारच लागू. वर ज्या कडेच्या बेरजांवर सगळा डोलारा उभा राहिला, त्या भारतात अजून 2011च्या आहेत. 2021ची जनगणना झाली नाही. हिंजवडी, वाघोली, पनवेल, वसई-विरार इथे तेव्हा माळ आणि शेतं असलेल्या जागी आता इमारतींच्या रांगा आहेत, आणि कल्पित माणसं मात्र अजून जुन्या मोजणीबरहुकूम वसतात. पाहणी कितीही ताजी असो, ती ज्या चौकटीत ताणून बसवायची ती चौकट पंधरा वर्षं जुनी असेल तर नकाशाही तेवढाच जुना.

नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भदिवस जाहीर झाला आहे. घरांच्या यादीचा टप्पा आधीचा, आणि देशाच्या बहुतेक भागांत माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027मध्ये. प्रगणक दारात आला की 'आत्ता वेळ नाही' म्हणून त्याला परत पाठवू नका. खोल्या किती, घर कोणाचं, पाणी कुठून येतं, घरात कोण कोण राहतं, याची उत्तरं सावकाश आणि खरी द्या. तुमचं नाव त्या तक्त्यात कोणाला दिसणार नाही, पण तुमच्या वस्तीची बेरीज तुमच्या उत्तराशिवाय बरोबर येणार नाही.